भीमथडी तट्टू : मजल आणि वैरण

ठाण्याहून बाळकुमच्या पुढे कशेळीचा पूल ओलांडला, की भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर काल्हेर आणि त्यामागोमाग पूर्णा ही गावे लागतात. भातशेती आणि खाजण हे या पट्ट्याचे जुने रूप. आज तिथे नजर पोहोचेल तिथवर गोदामे आहेत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मालमोटारी ओळीने उभ्या असतात आणि त्यांच्या सावलीत चालक स्टोव्हवर स्वयंपाक करताना दिसतात. या मोटारींपैकी लांबचा पल्ला कोणती गाठेल, असे तिथल्या एखाद्या मुकादमाला विचारले, तर तो गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याआधी चालकाची झोप, टायरांची अवस्था आणि वाटेतले पंप यांविषयी बोलू लागतो. हे उत्तर ऐकताना मला दरवेळी एक जुना प्रश्न आठवतो. लांबच्या पल्ल्याला कोणता घोडा चांगला? हा प्रश्न अश्वपारखी हजारो वर्षे विचारत आले आहेत आणि त्याचे उत्तर बहुधा जातीच्या नावाने दिले गेले आहे. मराठ्यांच्या इतिहासात त्याचे एक वेगळे उत्तर दडलेले आहे. त्याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न.

प्रथम आजच्या काळातील उत्तर पाहू. घोड्यांच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यती हा आता एक आंतरराष्ट्रीय क्रीडाप्रकार आहे. त्याची आधुनिक सुरुवात सामान्यतः १९५५ सालापासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वेंडेल रोबी याने काही सोबत्यांसह सिएरा नेवाडाच्या डोंगररांगांतून एका दिवसात शंभर मैलांची रपेट केली. पुढे ती ‘टेव्हिस कप’ या नावाने दरवर्षीची शर्यत झाली. रोबीचा घोडा अरबी होता आणि आजही या खेळात अरबी रक्ताचेच वर्चस्व आहे. त्याची कारणे शरीररचनेत आहेत. अरबी घोड्याचा बांधा सडपातळ असतो, कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग अधिक असतो, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. त्याच्या स्नायूंत सावकाश पण दीर्घकाळ काम करणाऱ्या तंतूंचे प्रमाण जास्त असते. इंग्लिश थरोब्रेड घोडा दोन मैलांत त्याला सहज मागे टाकील, परंतु साठाव्या मैलाला चित्र पालटलेले असेल.

या खेळाचा नियम मात्र त्याहून अधिक विचार करण्यासारखा आहे. वाटेत ठरावीक अंतरावर पशुवैद्य घोडा तपासतात. नाडीचे ठोके ठरलेल्या वेळात सहसा मिनिटाला ६४ पर्यंत खाली आले नाहीत, किंवा घोडा लंगडताना दिसला, तर त्याला तिथेच थांबवले जाते. शेवटची रेषा ओलांडल्यानंतरही तपासणी होते, आणि तीत घोडा पुढे चालण्यास असमर्थ ठरला तर आधी पोहोचण्याला काही अर्थ उरत नाही. हे शहाणपण सहज आलेले नाही. १८९२ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन लष्करी अधिकाऱ्यांनी व्हिएन्ना आणि बर्लिन यांच्या दरम्यान अशीच एक शर्यत घेतली होती. उत्तम जातीचे घोडे, निष्णात स्वार, आखीव रस्ते असे सारे काही होते. कित्येक घोडे वाटेत मेले आणि जिंकणाऱ्याचा घोडाही पोहोचल्यानंतर फार जगला नाही. जात उंची असली म्हणून टिकाव लागतोच असे नाही, हे युरोपला त्या वेळी कळले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. घोडा हा दक्षिणेत बराच काळ समुद्रमार्गे येणारा माल होता, आणि त्या मालाची एक उतारपेठ पूर्ण्यापासून खाडीपलीकडे, ठाण्यास होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिलेली हकिकत प्रसिद्ध आहे. त्याच्या मते हा राजा चाच्यांशी संगनमत करून होता. लुटीतले घोडे राजाचे आणि उरलेला सर्व माल चाच्यांचा, असा त्यांचा करार होता. सोने, मसाले, कापड यांवर पाणी सोडून एखादा राजा केवळ घोडे मागतो, यावरून त्या काळी या प्रदेशात घोड्याची टंचाई किती होती याची कल्पना यावी. पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षांनी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला गेला. तिथल्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल अशी अट घातली. एका खोरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने निकितीनची सुटका झाली आणि घोडाही परत मिळाला. या देशात घोडे पैदा होत नाहीत, असे निकितीनने नमूद करून ठेवले आहे. त्यांना वाटाणे-हरभऱ्यासारखी कडधान्ये चारतात आणि साखर-तेल घातलेली खिचडी खाऊ घालतात, हेही त्याला नवलाचे वाटले.

निकितीनचे विधान अर्थातच जसेच्या तसे खरे मानता येणार नाही. देशी घोडी होतीच, पण परदेशी व्यापाऱ्याच्या आणि दरबाराच्या नजरेला ती घोडी वाटत नसत. ही नजर कशी होती याचा उत्तम पुरावा ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. अबुल फजलने शाही तबेल्यातील घोड्यांची प्रतवारी दिली आहे. सर्वांत वर अरबी, मग इराकी म्हणजे इराणकडचे, त्यानंतर मुजन्नस, तुर्की, याबू आणि शेवटी हिंदुस्थानी पैदाशीचे ताझी व जंगला. या हिंदुस्थानी घोड्यांतही जे सर्वांत हलके, त्यांचे नाव तट्टू. मनसबदाराकडे कोणत्या प्रतीचे किती घोडे आहेत यावर त्याची पत आणि त्याची नेमणूक ठरत असे. म्हणजे तट्टू हा शब्द प्रशासकीय खातेवहीतील शेवटचा रकाना होता. मराठीतही त्या शब्दाला लागलेली कमीपणाची छटा अजून गेलेली नाही. ‘भाड्याचे तट्टू’ म्हणताना आपण कोणाचा गौरव करीत नाही.

आणि तरीही, शंभर वर्षांच्या आत मोगली फौजांना दमवणारा घोडा हाच होता. भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या काठचा हा घोडा. भीमेच्या थडीचा, म्हणून भीमथडी. या नावाचा एक तालुकाही पुणे जिल्ह्यात होता, आजचा दौंड-बारामतीकडचा भाग त्यात येई. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या नद्यांकाठच्या घोड्यांची दखल घेताना ते लहान, पण दख्खनमध्ये सर्वांत काटक म्हणून गणले जातात, अशा अर्थाचा अभिप्राय दिला आहे. बंदरांवर उतरलेले अरबी आणि तुर्की रक्त व देशी घोडी यांच्या संकरातून ही पैदास झाली असावी, असे सामान्यतः मानले जाते. ठाणे आणि चौल येथे उतरलेला महागडा माल घाट चढून गेला आणि दोनचार शतकांत अवर्षणप्रवण माळावर त्याचे तट्टू झाले, असे म्हणता येईल. उंची घटली, अंगावरचे मांस घटले, भूक घटली. जे उरले ते खुरांनी घट्ट, पोटाने समाधानी आणि चालीने अथक असे जनावर होते.

इथे घोड्याच्या जातींची तुलना करणाऱ्याने थोडे थांबले पाहिजे. काठियावाडी आणि मारवाडी हे आपल्याकडचे दोन नामांकित घोडे. आत वळून एकमेकींना भिडणारी कानांची टोके ही दोघांची खूण. दोघेही कोरड्या उष्ण प्रदेशातले, दमदार आणि तट्टापेक्षा उंच. मारवाडी घोड्याच्या ‘रेवाल’ चालीत स्वाराला धक्का कमी बसतो, म्हणून लांबच्या प्रवासात ती मोलाची. लडाखकडील झन्स्करी आणि हिमाचलातील स्पिती ही बुटकी जनावरे विरळ हवेत ओझी वाहतात. प्रत्येकाची दमदारी त्याच्या त्याच्या भूमीने घडवलेली आहे. अरबी घोडा वाळवंटात अजिंक्य म्हणून सह्याद्रीच्या खडकाळ उतारावर तसाच ठरेल असे नाही, आणि त्याला लागणारी रोजची चंदी माणदेशच्या कुणब्याच्या घरात मिळेलच असे तर मुळीच नाही. म्हणून ‘उत्तम कोणता’ या प्रश्नाला ‘कुठे, आणि कशावर पोसलेला’ हे दोन उपप्रश्न जोडल्याविना अर्थ येत नाही.

यांपैकी दुसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर मराठी गद्याच्या एका थोर नमुन्यात सापडते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि घाटावरच्या घोड्याचा कोकणाशी कायमचा संबंध आला. कोकण हा घोड्याचा मुलूख नव्हे. चार महिने अखंड पाऊस, चिखलात खूर सडतात, ओलसर वैरण बाधते, आणि हरभरा घाटावरून आणावा लागतो. पण मोहिमेचे दिवस संपत आले आणि घाट चढण्याची वेळ निघून गेली, की लष्कराला कोकणातच पावसाळा काढणे भाग पडे. अशीच एक छावणी चिपळूण भागात पडली असता महाराजांनी तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना १६७३ मध्ये पाठवलेले पत्र अनेक वाचकांच्या परिचयाचे असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या अर्थाने त्याची आठवण सभासंमेलनांतून वारंवार काढली जाते. ते योग्यच आहे. मात्र त्या पत्राचा आरंभ घोड्यांपासून होतो, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

पत्राचा आशय थोडक्यात असा. पागेसाठी दाणागोटा आणि गवत मोठ्या कष्टाने साठवलेले आहे. ते आता आहे म्हणून मनमुराद चाराल, तर ऐन पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी पडतील, मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असा त्याचा अर्थ होईल. मग तुम्ही कुणब्यांकडे वळाल, कोणी दाणे, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा उचलून आणील, आणि कसाबसा तग धरून राहिलेला कुणबी देशोधडीला लागेल. पुढे आणखी एक बारकावा येतो. उन्हाळ्याने वाळलेल्या गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, आणि एका ठिणगीने सारी वैरण जळून जाईल. मग कुणब्यांची डोकी उडवली तरी एक काडी मिळणार नाही.

या पत्राच्या वाङ्मयीन गुणांवर पुष्कळ लिहिता येईल. बोलीचा ठसका, परिणामांची एकामागून एक लागलेली साखळी, उंदरापर्यंत जाणारी कल्पनाशक्ती हे सारे तर आहेच. मला इथे वेगळा मुद्दा मांडायचा आहे. घोड्यांविषयी इतक्या तळमळीने लिहिलेल्या या मजकुरात घोड्याच्या जातीविषयी एक अक्षर नाही. अरबी किती, तुर्की किती, तट्टे किती, याची चौकशी नाही. चौकशी आहे ती गवताच्या काडीची. ‘ऐन’मधली प्रतवारी आणि हे पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचले, म्हणजे दोन राज्यव्यवस्थांचा घोड्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन किती भिन्न होता हे ध्यानात येते. एकीत घोडा हा वैभवाचा आकडा आहे. दुसरीत तो पावसाळ्यातून जिवंत बाहेर काढायचा जीव आहे, आणि त्याच्या पोटाची सांगड कुणब्याच्या पोटाशी घातलेली आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरीतील पागेची व्यवस्था याच दृष्टीने वाचावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, ही उतरंड पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी नोंद म्हणजे दर पंचवीस घोड्यांमागे नेमलेला एक नालबंद आणि एक पखालजी. नाल ठोकणारा आणि पाणी वाहणारा यांचे प्रमाण ठरवणारी फौज पल्ल्याचा विचार करते आहे, हे उघड आहे. आठ महिने मुलूखगिरी, चार महिने छावणी. छावणीत दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली निवाऱ्याची जागा आधीच सिद्ध ठेवायची. हा वार्षिक क्रम म्हणजे घोड्याच्या शरीराला दिलेली सक्तीची विश्रांती होय. आजचा पशुवैद्य नाडी मोजून स्वाराला थांबवतो. तेव्हा हे काम पावसाळ्याकडून करवून घेतले होते.

भाषेनेही ही जाण जपून ठेवलेली आहे. प्रवासाचे आपले जुने माप ‘मजल’ हे आहे. दिवसभर चालून जिथे मुक्काम करता येईल तेवढे अंतर म्हणजे मजल. वेगापेक्षा मुक्काम हा त्या शब्दाचा गाभा. ‘मजल दरमजल’ करीत जाणारी फौज उद्याही चालायचे आहे हे ध्यानात ठेवून चालते. कदम, दुडकी, दौड, भरधाव या चालींच्या नावांत श्रमाची बारीक श्रेणी आहे. चंदी, तोबरा, खोगीर, रिकीब, मोतद्दार, खरारा हे शब्द आज ऐतिहासिक कादंबऱ्यांपुरते उरले असले, तरी ‘खोगीरभरती’ आणि ‘तोबरा भरणे’ यांचा अर्थ घोडा न पाहिलेल्या मुलालाही कळतो. घोड्याविषयीची एवढी मोठी शब्दसंपत्ती आपल्या भाषेत निगेच्या अंगाने आली आहे, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य करावा.

अठराव्या शतकात या व्यवस्थेचे यश आणि अपयश दोन्ही दिसते. १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला पालखेडजवळ गाठले, तेव्हा प्रत्यक्ष रणसंग्राम फारसा झालाच नाही. हलक्या घोडदळाने निजामाला आपल्यामागे फिरवले, त्याचा अवजड तोफखाना मागे पाडला, आणि शेवटी त्याच्या छावणीचे पाणी व रसद तोडली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामाचे घोडे जातीने हलके होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाणी व चारा तुटल्यावर जातीचा उपयोग होत नाही.

हाच धडा तेहतीस वर्षांनी मराठ्यांना उलट बाजूने मिळाला. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर तोफखाना होता, बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते. १७६० च्या अखेरीस अब्दालीने दिल्लीकडचा मार्ग रोखला, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि तळावर माणसांबरोबर जनावरांचीही उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी जी घोडी रणात उतरली ती आधीच खंगलेली होती. अटकेपर्यंत गेलेल्या घोडदळाच्या काटकपणाला पानिपतावर काय झाले, असे विचारले जाते. काटकपणाला काहीच झाले नव्हते. १६७३ च्या पत्रातील इशारा, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, तो अक्षरशः खरा ठरला होता. भीमथडीच्या तट्टाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट विसरता कामा नये. काटक जनावराची भूक कमी असते, पण ती नाहीशी झालेली नसते.

१८१८ नंतर तट्टाची गरजच संपली. शिलेदार घरी बसले, पागा मोडल्या. इंग्रजी सैन्याला उंच, भरदार घोडा हवा होता. तो ऑस्ट्रेलियातून जहाजे भरून येऊ लागला आणि न्यू साउथ वेल्सवरून त्याचे नाव ‘वेलर’ पडले. अरबी घोड्यांचा मोठा बाजार मुंबईत भरला. देशी घोडीची पैदास सुधारावी म्हणून सरकारी वळू-घोडे ठेवण्यात आले. परंतु सुधारणा म्हणजे उंची, असा अर्थ लावल्यामुळे ज्या गुणांसाठी हे जनावर ओळखले जाई तेच बाजूला पडले. गॅझेटियरांच्या काळापर्यंत भीमथडीचा घोडा ही बव्हंशी आठवण झालेली होती. जात म्हणून जे आपण ओळखतो, ते रक्ताइतकेच उपयोगाने टिकते, हे या ऱ्हासावरून दिसते.

अलीकडच्या काळात, २०२० नंतर, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. राजा बढे यांच्या ज्या गीतात या तट्टांचा उल्लेख येतो, ते गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. अशा प्रकारे खातेवहीतील शेवटच्या रकान्यातले जनावर सन्मानाच्या नोंदीत आले. याचा आनंद आहेच. पण त्यासोबत एक धोकाही संभवतो. जातीची नोंद झाली की जातीची प्रदर्शने भरतात, प्रदर्शनांत उंची आणि चकाकी यांना पारितोषिके मिळतात, आणि एकोणिसाव्या शतकातील चूक अभिमानाच्या नावाखाली पुन्हा घडू शकते. भीमथडीची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती लांबच्या पल्ल्याने घ्यावी, थोड्या दाण्यावर घ्यावी, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर त्याची नाडी पाहून घ्यावी.

अशी परीक्षा देणारी तट्टे अजूनही आहेत, आणि त्यासाठी कोणी शर्यत भरवलेली नाही. पावसाळा सरल्यावर देशावरचे धनगर मेंढरांसह घाट उतरून कोकणपट्टीत येतात. त्यांचे बिऱ्हाड, म्हणजे भांडी, वाकळा, कोंबड्या, कधी तान्ही मुलेही, तट्टांच्या पाठीवर असते. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या त्या रांगेला मालमोटारींचे भोंगे ऐकू येतात, परंतु ती आपली चाल बदलत नाही. मुक्काम कुठे पडायचा ते आज हिरवे रान कुठे उरले आहे यावर ठरते, आणि तशी राने वर्षागणिक गोदामांखाली जात आहेत. पूर्ण्याच्या रस्त्यावर मला आठवणारा जुना प्रश्न, कोणता घोडा लांबचा पल्ला गाठतो, तो त्या रांगेला विचारला तर उत्तर बहुधा एका प्रतिप्रश्नात मिळेल : पुढच्या मुक्कामाला चारा आहे का?